सिकलसेलच्या एकाच घरातल्या सगळ्यांचं रक्त कशाला? आयपीएस पेशींच्या कामातलं उत्तर

आरमोरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांचा प्रश्न आहे. आई-वडील दोघंही सिकलसेलचे (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक, म्हणजे एएस. ते स्वतःही एएस. १९ वर्षांची बहीण एसएस आहे, म्हणजे दोन्हीकडून सिकलचं जनुक आल्यानं आजारी, आणि वर्षातून तीन-चारदा तिला भरती करावं लागतं. १५ वर्षांचा धाकटा भाऊही एसएसच, पण तो कबड्डी खेळतो, दुखणं क्वचित. मामाचा मुलगाही एसएस. आता एका संशोधन संस्थेची माणसं 'स्टेम सेल लाइन' करायला सगळ्यांचं रक्त मागताहेत, मामाकडच्यांचंसुद्धा. एका घरातली एवढी माणसं कशाला? बहिणीला यातून काही मिळेल का? नाही म्हटलं तर चालतं का?

सर, मी १७ वर्षं याच पेशी वाढवते आहे, आणि माहेर ब्रह्मपुरीकडचं असल्यामुळे तुमच्या घरी ही चर्चा कशी झाली असेल ते डोळ्यांसमोर येतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही म्हटलं तर चालतं. नकार दिला म्हणून बहिणीच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या थांबत नाहीत की दवाखान्यातली भरती अडत नाही. तसं कुणी आडून सुचवलं असेल, तर तिथेच उठा. आता बाकीचं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरात या कामाच्या दृष्टीनं खरंच काहीतरी खास आहे.

आधी या पेशी म्हणजे काय ते. २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या कातडीच्या पेशीत चार जनुकं घातली: ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. त्या पेशी आपलं कातडीपण विसरल्या आणि गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींसारख्या झाल्या. पुढच्याच वर्षी हे माणसाच्या पेशीत जमलं, आणि २०१२ मध्ये यामानाकांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. मागे फिरवलेल्या या पेशी म्हणजे आयपीएस पेशी. त्या थकत नाहीत, वाढतच राहतात, आणि योग्य रसायनं योग्य दिवशी दिली तर त्यांच्यापासून हृदयाचे स्नायू, चेतापेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर, रक्त, असं बरंच काही करता येतं. एका माणसापासून केलेल्या अशा पेशींची वाढती वंशरेषा म्हणजे एक 'लाइन'.

कातडीचा तुकडा हल्ली लागत नाही. दहा मिली रक्त पुरतं, कधी त्याहूनही कमी. त्यातल्या पांढऱ्या पेशी फायकॉल नावाच्या द्रवावर वेगळ्या काढतात. (सिकलचं रक्त इथं छळतं. लाल पेशींचा थर नीट खाली बसत नाही, काही लाल पेशी मधल्या थरात अडकून राहतात, आणि नवा मुलगा हाताखाली असेल तर तो घाबरून फोन करतो.) मग आठवडा-दीड आठवडा रक्ताच्या कोवळ्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यात ती जनुकं पोहोचवायची. आता त्यासाठी बहुतेक ठिकाणी सेंदाई विषाणू वापरतात. हा मुळात उंदरांचा विषाणू. तो पेशीच्या डीएनएमध्ये शिरत नाही, बाहेरच राहतो, आणि पेशी दहा-एक वेळा नव्या भांड्यात हलवल्या की विरून जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, दिसू लागतात.

चांगली कॉलनी सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघायला मिळाली तर बघाच. चपटी, दाट, पेशीला पेशी खेटून, आणि कड अशी लख्ख की टोकदार पेन्सिलीनं आखल्यासारखी. कड विस्कटली, बाजूनं लांबट पेशी पसरू लागल्या, की समजायचं, त्यांनी स्वतःहून दुसरं काहीतरी व्हायला सुरुवात केली. त्या भागाला आम्ही सुईनं खरवडून काढतो. सकाळी आल्या-आल्या तेच काम. धानातलं निंदण आणि हे निंदण यात फरक एवढाच की इथं पाठ दुखत नाही, मान दुखते. रविवारही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. घरातली इतकी माणसं कशाला?

खताचा गुण बघायचा असेल तर तुम्ही आरमोरीची धानाची बांधी आणि वर्ध्याकडचं कपाशीचं वावर शेजारी मांडत नाही. एकाच बांधीत मधे धुरा घालता, एका बाजूला खत टाकता, दुसऱ्या बाजूला नाही. आयपीएस पेशींच्या कामात ही चूक सुरुवातीच्या वर्षांत सर्रास झाली. रुग्णाची लाइन एका गावची आणि तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसाची लाइन भलत्याच देशातली. दोघांच्या पेशींत फरक दिसला की तो आजाराचा असं लिहून मोकळे. पण दोन अनोळखी माणसांच्या डीएनएमध्ये लाखो ठिकाणी फरक असतो. ब्रिटनच्या हिपसाय प्रकल्पानं ३०१ जणांच्या ७११ लाइन तपासल्या आणि २०१७ मध्ये दाखवलं की पेशींच्या कुठल्या गुणाकडे बघता त्यानुसार ५ ते ४६ टक्के फरक हा निव्वळ माणूस वेगळा असण्यामुळे आहे. त्या गोंगाटात सिकलचं एक अक्षर कुठं ऐकू येणार? सिकल म्हणजे खरोखर एकच अक्षर. अकराव्या गुणसूत्रावरच्या, हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकात एका ए-च्या जागी टी.

सख्ख्या भावंडांचा डीएनए सरासरी निम्मा सारखा. आई-वडिलांशी बरोबर निम्मा. मामाशी पाव, आणि मामेभावाशी साडेबारा टक्के. म्हणून निरोगी भावंड हे बाहेरच्या माणसापेक्षा चांगलं जोडीदार. आई-वडील दोघं मिळाले की आणखी एक सोय होते: मुलात आलेला कुठला फरक कुणाकडून आला आणि कुठल्या दोन गोष्टी एकाच गुणसूत्रावर जोडीनं आल्या, हे लावता येतं. शिवाय सगळी सख्खी भावंडं आईचीच मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे, स्वतःचा थोडा डीएनए असलेले भाग) घेऊन येतात, म्हणजे तेही एक वेगळेपण कमी. मामाकडेही तुमच्या आईचीच मायटोकाँड्रिया, मामाच्या मुलाकडे मात्र मामीची. अमेरिकेतल्या आयपीएसकोर नावाच्या संग्रहात २२२ माणसांच्या लाइन आहेत. त्यात मुद्दाम अख्खी कुटुंबं आणि एकसारखी जुळी घेतली, ती याचसाठी.

एक विनंती. वंशावळ काढायला कुणी बसेल तेव्हा मागच्या पिढीत मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न झालं असेल तर ते न लाजता सांगा. आपल्याकडे त्यात वावगं काहीच नाही, आणि ते लपलं तर वर लिहिलेले सगळे हिशोब चुकतात.

पण नातेवाईक घेतले की झालं, असं नाही. एखादा जाणता वाचक इथं अडवेल, आणि मी स्वतःही अडवते. आजकाल क्रिस्पर या जनुकं कापण्या-दुरुस्त करण्याच्या तंत्रानं बहिणीच्याच लाइनमधलं ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करता येतं. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेत रुग्णांच्या आयपीएस पेशींत अशी दुरुस्ती झालीही आहे. मग एक तिची मूळ लाइन, एक तिचीच दुरुस्त लाइन, बाकी सगळं तंतोतंत तेच. बांधी एक, पाणी एक, बियाणं एक. याच्याहून चांगली तुलना कुठलं भावंड देणार? तर मग घरच्यांना त्रास कशाला?

याचं उत्तर तुमच्या धाकट्या भावाकडे आहे. दुरुस्त लाइन एवढंच सांगते की ते एक अक्षर काय करतं. तुमच्या घरातला प्रश्न तो नाहीच. तुमच्या घरात तेच अक्षर दोघांकडे, तितकंच, दोन्ही बाजूंनी. तरी एक भरती होते आणि दुसरा कबड्डी खेळतो. म्हणजे बाकीच्या डीएनएमध्ये कुठंतरी काहीतरी आहे जे भावाला सांभाळतंय किंवा बहिणीला बुडवतंय. ते काय, हे शोधायला दोन जिवंत माणसं लागतात, आणि ती एकाच आईबापाची असली तर शोधायची जागा निम्म्यावर येते. एए (सिकलचं जनुक नसलेली) आणि एसएस भावंडं विदर्भात पायलीची पन्नास मिळतील. इतकी वेगळी वागणारी दोन एसएस भावंडं, जोडीला तिसरा एसएस मामेभाऊ, आणि सगळी माणसं हयात, ही जोडणी दुर्मिळ. ती टीम तुमच्याकडे का आली ते मला न सांगता कळलं.

आपल्या भागातल्या लाइन लागण्याचं दुसरंही कारण आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, म्हणजे हा आजार इथं नवा नाही. पण जगातलं बरंचसं संशोधन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवर झालं. आपल्याकडचा सिकल अरब-भारतीय पार्श्वभूमीचा. त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, जास्त राहतं, आणि जोडीला अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचाच आणखी एक आनुवंशिक दोष) बऱ्याचदा असतो. दोन्ही गोष्टी आजार सौम्य करू शकतात. पुस्तकात म्हणून 'भारतीय सिकल सौम्य' असं लिहिलेलं असतं, आणि नागपूरच्या वॉर्डात रात्रपाळी केलेला कुठलाही डॉक्टर ते वाचून कपाळाला हात लावतो.

म्हणूनच माझं पहिलं सांगणं अगदी स्वस्तातलं आहे. लाइन वगैरे नंतर. दोघांचे एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचे) जुने कागद काढा आणि एचबीएफचा आकडा बघा. बहिणीचा गोळ्या सुरू होण्याआधीचा कागद शोधा, कारण हायड्रॉक्सीयुरिया तो आकडा वाढवतं. रक्त चढवल्यावर तीन महिन्यांतला कागद धरू नका, त्यात दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असतं. मग दोघांची अल्फा थॅलेसेमियाची तपासणी मागा. भावाचं एचबीएफ २५ टक्के आणि बहिणीचं ८ टक्के निघालं, तर निम्मं कोडं तिथंच सुटलं. संशोधकांनी हे आधी केलं नसेल तर मला त्यांच्याविषयी शंका येईल.

आता या धंद्यातली एक अडचण सांगते, जी पत्रकात लिहिलेली नसते. आयपीएस पेशींपासून लाल रक्तपेशी करता येतात, पण त्या मोठ्या माणसाच्या होत नाहीत. त्या गर्भातल्यासारख्या राहतात. बाळ पोटात असताना एचबीएफमधलं गामा ग्लोबिन बनतं, जन्मानंतरच्या महिन्यांत ते मागे पडून बीटा पुढे येतं, म्हणून तर सिकलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. आमच्या भांड्यातल्या पेशी त्या बाळाच्याही अलीकडे अडकलेल्या असतात. गामा भरपूर, बीटा थोडं, आणि पक्व लाल पेशी जसं केंद्रक टाकून देते तसं बऱ्याचशा पेशी टाकतही नाहीत. आता विचार करा. भावाला वाचवणारी गोष्ट जर 'मोठेपणीही एचबीएफ जास्त राहणं' ही असेल, तर ज्या पेशीत सगळ्यांचंच एचबीएफ जास्त, तिथं तो फरक दिसणार कसा? आंधळ्यासमोर आरसा. त्या प्रश्नासाठी दोघांच्या रक्तातल्या मूळ रक्तपेशीच थेट वाढवून बघितल्या तर त्या मोठ्या माणसाच्याच राहतात, आणि उत्तर लवकर मिळतं.

मग आयपीएस लाइन कशाला? रक्तवाहिन्यांच्या अस्तरासाठी. सिकलच्या लाल पेशी चिकटतात त्या तिथं, आणि ते अस्तर माणसातून काढून आणता येत नाही, करावंच लागतं. दुरुस्तीचे प्रयोग पुन्हा पुन्हा करायलाही त्या उत्तम. भावात सापडलेला एखादा फरक बहिणीच्या लाइनमध्ये घालून बघणं, हे तर फक्त इथंच जमतं. म्हणून टीमला सरळ विचारा: लाइन झाल्यावर तिच्यापासून कुठली पेशी करणार? उत्तर नुसतंच 'लाल पेशी' आलं तर आणखी खोदा. 'बघू पुढे' आलं, तर ते लाइन गोळा करताहेत, प्रश्न अजून ठरलेला नाही.

आणखी एक खोच. तुमच्याकडे जास्त त्रास असलेली बहीण आहे आणि कमी त्रास असलेला भाऊ. म्हणजे दोघांत सिकलच्या तीव्रतेशिवाय स्त्री-पुरुष हाही फरक आला. स्त्रियांच्या आयपीएस लाइनमध्ये दोनपैकी जो एक एक्स गुणसूत्र बंद असतो, तो पेशी वाढता वाढता हळूहळू अर्धवट उघडा पडतो. कागदावर भावंडांतला फरक दिसेल आणि तो असेल फक्त या उघड्या एक्सचा. मामाच्या मुलाला बोलावलंय ते याच कारणानं असावं: दोन मुलगे, दोघं एसएस, नातं थोडं लांबचं पण लिंग एक. ते मुद्दाम केलं असेल तर टीम विचारी आहे.

सगळ्यांना एकाच दिवशी का बोलावतात, याचाही राग येऊ देऊ नका. बहिणीची लाइन जूनमध्ये केली आणि भावाची नोव्हेंबरमध्ये, तर मधल्या काळात पोषकद्रवाची बाटली बदलते, काम करणारा हात बदलतो, आणि तो बदल भावंडांतला फरक म्हणून छापला जातो. घरातली सगळी रक्तं एकत्र सुरू करायची, प्रत्येकाच्या दोन-तीन वेगळ्या कॉलन्या राखायच्या, आणि तुलना करताना सगळ्या तितक्याच वेळा नव्या भांड्यात हलवलेल्या असायला हव्यात. लोक काय करतात, एका माणसाच्या पाच कॉलन्या घेऊन 'पाच नमुने' म्हणतात. माणूस एकच आहे हो! कॉलन्या वाढवल्यानं माणसं वाढत नाहीत.

एका दिवशी जमणं शक्य नसेल तर रक्तातल्या पेशी गोठवून ठेवता येतात आणि नंतर सगळ्या एकदम काढता येतात. गायीच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात वाफाळणारा नायट्रोजनचा डबा असतो ना, तोच. उणे १९६ अंश. गोठवून आणलेल्या पेशी जरा कुरकुरतात, पण निभतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती नातेवाइकांच्या कामातच होऊ शकते. सात-आठ वर्षांपूर्वी एका गावात शाळेच्या व्हरांड्यात दोन बहिणींचं रक्त घेतलं. पावसाचे दिवस, लाइट गेलेली, परतीची गाडी उभी. नळ्यांवरची चिठ्ठी मी आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती: नावाचं पहिलं अक्षर, आडनावाचं पहिलं अक्षर, गाव. दोघींची नावं एकाच अक्षरानं सुरू होणारी. पुढे 'एक' आणि 'दोन' असं लिहिलं होतं, पण एक कोण आणि दोन कोण हे माझ्या डोक्यात होतं. अनोळखी माणसांच्या नळ्या बदलल्या तर कुठंतरी लगेच उघडं पडतं: एक बाई एक पुरुष, एक एए एक एसएस. इथं दोघी मुली, दोघी एसएस, गुणसूत्रांची तपासणी दोघींची स्वच्छ. लाइन सुरेख झाल्या. शेवटी डीएनएच्या खुणा मूळ रक्ताशी ताडून बघितल्या, तर पुष्कळ खुणा जुळत होत्या. बहिणीच त्या, जुळणारच! मी 'नमुना जरा खराब असेल' म्हणून पुढे जाणार होते. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीनं कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, 'ताई, ही हिची नाही, तिची आहे.' चार महिन्यांचं काम, आणि दोघींच्या पेशींवर एकमेकींची नावं. तेव्हापासून प्रत्येकाच्या रक्ताचे दोन थेंब जागेवरच वेगळ्या कागदी कार्डावर घेते, आणि नळीवरचं नाव ज्याचं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेते. वाचता येत नसेल तर घरातलं कुणी वाचतं.

बाकीच्या तपासण्या या कामातल्या सगळ्यांनाच ठाऊक आहेत: गुणसूत्रं, मायकोप्लाझ्मा (पेशींच्या भांड्यात लपून वाढणारे जंतू), सेंदाई विषाणू गेला का, पेशी गर्भाच्या तिन्ही थरांत वळतात का. फक्त विसाव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याची वाढ नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत निसटते. ती वेगळी बघावी. ती झालेली लाइन इतरांपेक्षा जोरात वाढते आणि हौशी माणूस तिलाच 'सर्वांत चांगली' म्हणून निवडतो.

आता संमतीचं. कागदावर सही एकेकाची असते, पण डीएनए घराचा असतो. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गाठीतून न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभर वाढताहेत. २०१३ मध्ये त्या पेशींचा अख्खा जनुकसंच कुणीतरी खुला छापला, तेव्हा बाई जाऊन साठ वर्षं झाली होती. ओरड केली ती नातवंडांनी, कारण उघडं पडलं ते त्यांचंच. शेवटी त्याच वर्षी तो साठा बघायला परवानगी लागेल आणि ती देणाऱ्या समितीत कुटुंबाची माणसं असतील, असं ठरलं. तुमच्याकडे पाच जणांनी हो म्हटलं आणि मामानं नाही, तरी मामाचं थोडंफार उघडं पडतंच. म्हणून आधी घरी बसून बोला. ज्याला द्यायचं नाही त्याच्यावर जोर करू नका.

मुलीच्या लग्नाचा विषय निघेलच. तपासणीत नात्यातली एखादी बिनलग्नाची मुलगी एएस निघाली आणि ते गावात फुटलं तर सोयरीक मोडते, हे मी पाहिलंय. एएस मुलगी आजारी नसते, एवढं लोकांच्या डोक्यात शिरायला अजून वेळ आहे. निकाल कुणाच्या हातात देणार, सगळ्यांसमोर की एकेकाला, हे टीमकडून आधी लिहून घ्या.

दुसरी गोष्ट नाजूक. घरभर तपासणी झाली की कधीकधी वंशावळ आणि निकाल जुळत नाहीत. आई एएस, बाप साध्या सोल्युबिलिटी चाचणीत निगेटिव्ह, आणि लेकरू एसएस दिसतं. माझ्यासमोर असं झालं तेव्हा एका उतावीळ माणसानं तिथंच कुजबुज सुरू केली. पुढच्या तपासणीत निघालं की बापाकडे बीटा थॅलेसेमियाचं, म्हणजे बीटा ग्लोबिन नीट न बनवणारं, जनुक होतं. ती चाचणी फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते, थॅलेसेमिया तिला दिसतच नाही, आणि सिकल-थॅलेसेमियाचं मूल कागदावर एसएससारखंच दिसतं. बाईचा संसार एका अर्धवट चाचणीवर तुटता तुटता राहिला. अर्थात कधी खरोखरच नातं वेगळं निघतं. तशी माहिती कुणालाच सांगितली जाणार नाही, असं संमतीपत्रात असतं का ते बघा. नसेल तर घालायला लावा.

तुमच्या भावाचं वय १५, म्हणजे आई-वडिलांची सही लागेलच, पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे त्याचीही वेगळी लेखी तयारी लागते. त्याला विचारा, नुसतं सांगू नका. संस्थेकडे नेहमीच्या नीतिसमितीशिवाय स्टेम सेलच्या कामासाठी वेगळी समिती असायला हवी. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ती सांगितली आहे. तिच्या मंजुरीचा कागद मागण्यात उद्धटपणा नाही. पेशी देशाबाहेर जाणार का, कंपनीला देणार का, आणि उद्या मन बदललं तर काय, हेही विचारा. प्रामाणिक उत्तर असं असतं: पुढचा वापर थांबवू, पण जे वाटून झालंय ते परत आणता येणार नाही.

सिंदेवाहीकडच्या एका आजीनं मला विचारलं होतं, 'माह्या रगताचं तिकडं पोट्टं तं नाही बनवत ना जी?' सगळे हसले. मी हसले नाही, कारण उंदरात आयपीएस पेशींपासून बीजांडं करून त्यातून पिल्लं जन्माला घातल्याचं २०१२ मध्येच छापून आलंय. माणसात तसं झालेलं नाही. आजीला मी ते लिहून दिलं, की तुमच्या पेशींवर असं काही करणार नाही, आणि तो कागद तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. तुम्हीही लिहून घ्या.

बहिणीला काय मिळेल? या लाइनमधून, आज, काही नाही. आयपीएस पेशींपासून केलेलं रक्त सिकलच्या रुग्णाला देण्याचा उपचार उपलब्ध नाही. २००७ मध्ये अमेरिकेत सिकलचे उंदीर या वाटेनं बरे केले गेले, पण ते उंदीर. २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेलं कॅसजेव्ही हे क्रिस्परचं औषध रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताच्या मूळ पेशी काढून त्यांच्यावर काम करतं. त्यात आयपीएस नाही, आणि मंजुरीच्या वेळी अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर होती. उद्या कुणी नागपुरात किंवा आणखी कुठं 'स्टेम सेलचं इंजेक्शन' देऊन सिकल घालवतो म्हणाला, तर एक रुपया देऊ नका, शेत तर विकूच नका.

पण या निमित्तानं एक खऱ्या उपयोगाची गोष्ट होऊ शकते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी सख्खं भावंड एचएलएनं (शरीर परकं-आपलं ओळखतं त्या पेशींवरच्या खुणांनी) जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि एएस माणूस दाता होऊ शकतो. म्हणजे तुम्ही. टीम तुमचा डीएनए वाचणारच आहे, तर तुमचं आणि बहिणीचं एचएलए जुळतं का हे दवाखान्याच्या दर्जाच्या तपासणीनं कळवा, अशी अट घाला. प्रत्यारोपण करायचं की नाही हा पुढचा आणि मोठा प्रश्न. तो रक्तविकारतज्ज्ञांसमोर बसून सोडवायचा.

मला विचाराल तर मी देईन. वरचे कागद मिळाले तर.

दिवस ठरवताना रोवणी उरकू द्या. परे (धानाची रोपं) उपटायचं काम टाकून मामाकडची माणसं येणार नाहीत आणि अर्ध्या घराचं रक्त घेऊन काही साधत नाही. पोळ्यानंतरचा दिवस बरा. बहिणीला त्याआधीच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तसं टीमला सांगा, आणि तिचं दुखणं सुरू असेल त्या दिवशी सुई टोचू देऊ नका, तारीख पुढे जाऊ दे. रक्त बर्फात ठेवायचं नसतं, उन्हात उभ्या गाडीतही नाही. आणि नळ्यांवर नावं लिहिली जात असतील तेव्हा तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा. भावाचं नाव भावाकडून वाचून घ्या, बहिणीचं बहिणीकडून.